भिंतीवरच्या पेटीची भाषा

स्त्रियांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या अंकात पाणी तापवण्याच्या यंत्रावर लेख कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, मालमत्तेतला वाटा, समान वेतन हे आपले विषय. यंत्र बिघडले तर मेकॅनिकला बोलवावे, त्यात स्त्री-प्रश्न कुठे आला? माझे म्हणणे असे, की तो तिथेच आहे. घरातले कोणते काम कोणी करायचे याची वाटणी आपण तीस-चाळीस वर्षे तपासत आलो. पण घरातले कोणते ज्ञान कोणाकडे असावे, याचीही एक वाटणी असते आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले. यंत्र वापरायचे बाईने, समजून घ्यायचे पुरुषाने. बाई पंचवीस वर्षे शिलाई मशीन चालवते, मिक्सर चालवते, गिरणीत उभी राहते. पण त्याच्या पोटात काय आहे हे ‘तिला काय कळणार’, असे सगळे गृहीत धरतात. कधी कधी तीही.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. इथे आमचा बायकांचा एक गट आठवड्यातून एकदा जमतो. मराठी आम्ही दोघी-तिघीच. बाकी गुजराती, पंजाबी, बंगाली, काही सोमाली. व्हिसाचे कागद, मुलांच्या शाळा, नवऱ्याची मारहाण, भाड्याच्या घरातली बुरशी असे सगळे विषय तिथे येतात. ऑक्टोबर उजाडला की आणखी एक विषय हमखास येतो: ‘घरात ऊब नाही. बॉयलर बंद पडलाय. पडद्यावर काहीतरी अक्षर-आकडा दिसतो.’

तो अक्षर-आकडा म्हणजे फॉल्ट कोड. त्याच्याविषयी गटात जे बोलत आलो, ते इथे मांडते.

पेटीच्या पोटात काय असते

महाराष्ट्रातल्या वाचक मैत्रिणींसाठी थोडे आधी सांगते. इथल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या किंवा जिन्याच्या भिंतीवर एक पांढरी पेटी असते. नळाने येणारा गॅस तिच्यात जळतो, त्यावर पाणी तापते. ते गरम पाणी पंपाने घरभर नळ्यांतून फिरते आणि खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांना ऊब देते. आंघोळीचे, भांड्यांचे गरम पाणीही बहुधा याच पेटीतून येते. थंडीत बाहेर पारा शून्याखाली गेलेला असताना ही पेटी बंद पडणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. तान्हे मूल, म्हातारी सासू, दम्याचा आजारी यांच्यासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

पेटीचे काम ठरलेल्या क्रमाने चालते. ऊब हवी असा निरोप भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडून येतो. मग पंप फिरतो. पाणी पुरेशा दाबाने आहे ना, हे यंत्र पाहते. पंखा फिरतो, जळलेली हवा बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे याची खात्री होते. त्यानंतरच गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. ज्योत पेटली की नाही हे एक लहानशी तार ओळखते, कारण ज्योतीतून अगदी बारीक वीजप्रवाह वाहू शकतो. तो प्रवाह मिळाला नाही तर यंत्र लगेच गॅस बंद करते. पुन्हा काही वेळा प्रयत्न करते आणि तरी जमले नाही तर स्वतःला कुलूप लावून घेते. पडद्यावर कोड येतो तो इथे.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: कोड म्हणजे ‘अमुक भाग तुटला’ अशी चिठ्ठी नव्हे. ‘या पायरीवर मला पुढे जाणे सुरक्षित वाटले नाही, म्हणून मी थांबलो’, एवढेच तो सांगतो. थांबण्याचे कारण यंत्राच्या आत असेल किंवा बाहेरही असेल. बाहेरची कारणे तपासायला हत्यार लागत नाही, इंजिनिअरची पदवी लागत नाही आणि घरात पुरुष असावा लागत नाही.

नेहमी भेटणारे तीन कोड

प्रत्येक कंपनीची अक्षरे वेगळी असतात, म्हणून आपल्या पेटीचे पुस्तक जपून ठेवावे. पण अक्षरे वेगळी असली तरी तक्रारी मोजक्याच असतात.

पहिली तक्रार पाण्याचा दाब कमी असल्याची. व्हेलंटच्या पेटीवर ‘एफ २२’, आयडियल लॉजिकवर ‘एफ १’, बॅक्सीच्या अनेक पेट्यांवर ‘ई ११९’ दिसतो. पेटीवर एक छोटे घड्याळासारखे मापक किंवा पडद्यावर आकडा असतो. पेटी थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. तो शून्याकडे गेला असेल तर पेटीखाली किंवा जवळच असलेल्या भरण्याच्या नळीची झडप हळूहळू उघडून पाणी भरता येते. आकडा जागेवर आला की झडप घट्ट बंद करायची. हे घरात राहणाऱ्या माणसाने करावे असेच पुस्तकात लिहिलेले असते. मात्र दर आठवड्याला भरावे लागत असेल तर पाणी कुठेतरी गळते आहे किंवा आतला प्रसरणाचा डबा निकामी झाला आहे. तिथे आपले काम संपते आणि इंजिनिअरचे सुरू होते. उलट दाब वाढत जाऊन ३ बारच्या आसपास गेला तर सुरक्षेची झडप उघडते आणि घराबाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकते. त्याकडेही लक्ष असावे.

दुसरी तक्रार ज्योत न पेटल्याची. व्हेलंटवर ‘एफ २८’, आयडियल लॉजिकवर ‘एल २’, बॅक्सीवर ‘ई १३३’, वूस्टर बॉशच्या पेट्यांवर ‘ईए’. हा कोड दिसला की शेगडी पेटवून पाहावी. घरात गॅसची शेगडी असेल आणि तीही पेटत नसेल, तर पेटीचा दोष नाही. घरात गॅसच येत नाही. आमच्या गटातल्या कितीतरी घरांत आधी पैसे भरून वापरायचा मीटर आहे. पैसे संपले की गॅस बंद होतो आणि पेटी ‘ज्योत पेटत नाही’ एवढेच म्हणते. तिला तुमचे पाकीट दिसत नाही. काही मीटरांवर पैसे भरल्यावरही बटण दाबून पुरवठा पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणजे ज्याला आपण यंत्राचा बिघाड म्हणतो तो पुष्कळदा गरिबीचा कोड असतो. वीज-गॅसचे दर २०२२ मध्ये भडकले आणि थकबाकी असलेल्यांच्या घरांत जबरदस्तीने असे मीटर बसवले गेले. त्यावर ओरड झाल्यावर ऑफजेम या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना ते थांबवायला लावले. दुरुस्ती करणारा माणूस हा दोष दुरुस्त करू शकत नाही; त्यासाठी संघटित आवाजच लागतो.

तिसरी तक्रार कडाक्याच्या थंडीतली. २००५ पासून इंग्लंडमध्ये नवीन बसवायच्या पेट्या, अपवाद सोडले तर, धुरातली वाफही गार करून तिची उष्णता वापरणाऱ्या असतात. त्या वाफेचे पाणी होते आणि एका प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर जाते. ती नळी उघड्यावर असेल तर आतले पाणी गोठते, वाट तुंबते, पेटी गुडगुडते आणि बंद पडते. पहाटेच्या वेळी, बर्फ पडल्यावर, ज्योतीचा कोड आला तर ही नळी आधी पाहावी. जमिनीवर उभे राहून हात पोचत असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओतावे किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी धरावी. उकळते पाणी नको, शिडी नको. मग पेटी एकदा रिसेट करावी. अशा थंडीच्या दिवशी एकाच गल्लीतल्या चार पेट्या एकदम बंद पडतात आणि माणूस यायला चार दिवस लागतात. ज्या बाईला हे माहीत असते तिच्या घरात न्याहारीच्या वेळेपर्यंत ऊब असते. ती शेजारणीलाही सांगते.

रिसेटविषयी दोन शब्द. ते बटण म्हणजे ‘पुन्हा एकदा प्रयत्न कर’ असे यंत्राला सांगणे. एकदा, फार तर दोनदा दाबावे. पुन्हा तोच कोड आला तर ते यंत्राचे ठाम उत्तर असते. दिवसभर बटण दाबत बसल्याने बिघाड जात नाही. त्याचा पुरावा तेवढा पुसट होतो.

कोड नसणे हाही संकेत

आमच्या गटात येणाऱ्या एका तरुण मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. लग्न होऊन ती इथे आली. नवरा सकाळी कामावर गेला की तासाभरात घर गारठायचे आणि तो परतायच्या आधी पुन्हा उबदार व्हायचे. तिने विचारले तर तो म्हणायचा, ‘बॉयलर जुना आहे, मधूनमधून एरर येतो. तू हात लावू नकोस, स्फोट होईल.’ दोन हिवाळे ती अंगावर दोन-दोन स्वेटर आणि रजई घेऊन दिवस काढत होती.

गटात एकदा कोडविषयी बोलणे निघाले. ती एवढेच शिकली, की बिघाड असेल तर पडद्यावर कोड असतो. दुसऱ्या दिवशी घर गारठल्यावर तिने पेटीपुढे जाऊन पाहिले. कोड नव्हता. दाब ठीक होता. पेटी शांतपणे उभी होती, कारण तिला कोणी ऊब मागितलेलीच नव्हती. थर्मोस्टॅट मोबाईलवरून चालणारा होता आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात होता. घर तो ऑफिसातून बंद करत होता.

इथे कायद्याचा भाग येतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या गंभीर गुन्ह्यांच्या कायद्याच्या कलम ७६ नुसार जवळच्या नात्यात सतत धाक आणि नियंत्रण ठेवणे हा गुन्हा आहे. २०२१ च्या घरगुती अत्याचाराच्या कायद्याने अत्याचाराच्या व्याख्येत आर्थिक अत्याचारही घातला. पैसा, वस्तू, सेवा मिळवण्याच्या किंवा वापरण्याच्या बाईच्या क्षमतेवर गंभीर परिणाम करणारे वागणे त्यात येते. पण कायद्याच्या दारापर्यंत जायला आधी आपल्यावर काय चालले आहे ते कळावे लागते. ‘यंत्र बिघडले आहे’ यावर तिचा विश्वास होता तोवर तिच्यापुढे नुसता एक बॉयलर होता. ‘यंत्र ठीक आहे’ हे कळल्या क्षणी तिला नवरा दिसला. पुढे काय करायचे ते तिने तिच्या वेळेने, सल्लागार बाईच्या मदतीने ठरवले. घाई करून सामना करू नकोस, आधी सुरक्षिततेचे बघ, असेच आम्ही तिला सांगितले होते.

मारहाणीच्या खुणा ओळखायला आपण शिबिरांतून शिकलो. घरातली यंत्रे जसजशी दुरून चालू लागतील, तसतशा या नव्या खुणाही ओळखाव्या लागतील.

घरमालक, एजंट आणि एक वही

भाड्याच्या घरातली गोष्ट वेगळी. गटातल्या एका मध्यमवयीन बाईंच्या घरात दोन शाळकरी मुले आणि दिवसाकाठी दोन-तीन तास ऊब, अशी स्थिती होती. एजंटच्या कार्यालयात फोन केला की पलीकडून ठरलेले उत्तर: ‘रिसेट करा.’ बाईंचे इंग्रजी जेमतेम. काय होते ते सांगता सांगता त्या अडखळायच्या, समोरचा फोन ठेवून द्यायचा.

आम्ही त्यांना एक वही करायला सांगितले. तारीख, वेळ, कोड, दाबाचा आकडा, फोन कोणाला केला, तो काय म्हणाला. मोबाईलवर पडद्याचा फोटो. पंधरा दिवसांनी त्या वहीवरून एक पत्र लिहिले: अमुक तारखेपासून आज तारखेपर्यंत ‘एफ २८’ इतक्या वेळा आला, शेगडी चालू आहे, मीटरमध्ये पैसे आहेत, दाब बरोबर आहे, बाहेरची नळी मोकळी आहे, म्हणजे दोष पेटीत आहे आणि १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे ती दुरुस्त करण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याच आठवड्यात माणूस आला.

यातली गंमत अशी, की कोडला भाषा नसते. ‘माझा बॉयलर नीट पेटत नाही, म्हणजे पेटतो पण मग विझतो’ हे परक्या भाषेत सांगताना आपली बाई घामाघूम होते. ‘एफ २८’ हे मात्र तिलाही तसेच म्हणता येते जसे ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला. ज्या बाईला ‘तुमचे इंग्रजी समजत नाही’ म्हणून आजवर परतवले गेले, तिच्या तोंडी ही तीन अक्षरे आली की पलीकडचा माणूस जरा सरळ बसतो.

आणखी एक अनुभव जवळजवळ सगळ्यांचाच. दुरुस्ती करणारा येतो आणि विचारतो, ‘घरात कोणी आहे का?’ समोर बाई उभी असते. नवरा नसेल तर तो तेरा वर्षांच्या मुलाला बोलावून काय झाले ते त्याला समजावतो. आई बाजूला चहा घेऊन उभी. माझ्या डोळ्यांदेखत हे घडले आहे. त्या घरातली आई शांतपणे म्हणाली, ‘दाब मी भरला होता, दोन दिवसांत पुन्हा पडला, तुम्ही प्रसरणाचा डबा पाहिलात का?’ त्यानंतरचे बोलणे तिच्याशी झाले. मुलगा आपला अभ्यासाला गेला.

कुठे थांबायचे

हे सगळे सांगताना एक रेघ स्पष्ट आखली पाहिजे. पेटीचे झाकण आपण उघडायचे नाही. गॅसच्या नळीला, झडपेला, धूर जाण्याच्या वाटेला हात लावायचा नाही. नवऱ्याच्या मित्राला, ‘पन्नास पौंडांत करून देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसालाही लावू द्यायचा नाही. इथे गॅसचे काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असावाच लागतो. २००९ पासून ही नोंदवही आहे. त्याच्याकडे फोटोचे ओळखपत्र असते आणि मागच्या बाजूला तो कोणकोणती कामे करू शकतो ते लिहिलेले असते. ते कार्ड मागणे हा उद्धटपणा नाही. दारात आलेल्या पुरुषाला ‘कार्ड दाखवा’ म्हणताना आपली जीभ अडखळते, कारण आपल्याला तसे वाढवले गेले आहे. म्हणून आम्ही गटात ते वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव करतो. आधी हसू येते, मग जमते.

१९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे मालकाने भाड्याच्या घरातल्या त्याच्या गॅस-उपकरणांची दर वर्षी अशा नोंदणीकृत माणसाकडून तपासणी करून घ्यायची असते आणि तपासणीचा कागद २८ दिवसांच्या आत भाडेकरूला द्यायचा असते. नव्या भाडेकरूला तो घरात येण्याआधीच मिळायला हवा. तुमच्या घरात हा कागद आहे का? असेल तर तो कोणाच्या फायलीत आहे?

आणि सगळ्यात महत्त्वाचे. ज्या धोक्याचा कोड पडद्यावर येईलच असे नाही, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. गॅस नीट जळला नाही किंवा धुराची वाट तुंबली तर हा वायू तयार होऊन घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे, ही त्याची लक्षणे. बाईने हे सांगितले की उत्तर ठरलेले: ‘तुला नेहमीच काहीतरी होत असते.’ दिवसातले सर्वांत जास्त तास घरात कोण असते? तीच. म्हणून तिचे दुखणारे डोके हेच पुष्कळदा घरातले पहिले मापक असते. अशी शंका आली तर खिडक्या-दारे उघडायची, गॅस बंद करायचा, मुलांना घेऊन बाहेर पडायचे आणि ०८०० १११ ९९९ या मोफत, रात्रंदिवस चालणाऱ्या नंबरवर फोन करायचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात, जिथे असे जळणारे यंत्र बसवलेले असेल त्या राहत्या खोलीत (नुसती गॅसची शेगडी सोडून), या वायूची सूचना देणारा भोंगा बसवणे मालकावर बंधनकारक आहे. नसेल तर मागा.

महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना हे दूरचे वाटू नये. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत बातमी येते: बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता, आत गेलेले माणूस बाहेर आले नाही. बातमीखाली ‘गुदमरून मृत्यू’ एवढेच छापतात. गीझर कोंदट न्हाणीघरात बसवू नये, हवा आत-बाहेर जाण्याची वाट असावी, हे बसवणाऱ्याला विचारणारे कोण होते? २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावाने मिळते. पुस्तकावर नाव बाईचे आले, हे चांगलेच झाले. पण रबरी नळीवर छापलेली तारीख, रेग्युलेटर नीट बसल्याची खूण, गळतीसाठीचा १९०६ हा नंबर, हे तिला कोणी बसून समजावले का? नाव आणि ज्ञान या दोन गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर नाव लागूनही शेत न पाहिलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत.

हे आणखी एक काम नाही का?

गटातल्या एका मैत्रिणीने रास्त आक्षेप घेतला. ती म्हणाली, ‘स्वयंपाक माझा, मुले माझी, नोकरी माझी, आता बॉयलरही माझा? नवऱ्याला बरेच झाले!’ या आक्षेपाला उडवून लावता येत नाही. बाई एखादी गोष्ट शिकली की ती तिची जबाबदारी होऊन बसते, हा आपला जुना अनुभव आहे. पण थोडे बारकाईने पाहू. घर गार पडले हे आधी कोणाच्या लक्षात येते? फोन कोण करते? माणूस ‘सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या मध्ये’ येणार म्हणून बिनपगारी रजा कोण घेते? हे काम बाई आजही करतेच आहे, फक्त डोळ्यांवर पट्टी बांधून. माहिती झाल्याने काम वाढत नाही. निर्णय तिच्या हातात येतो. मालकाने करायची दुरुस्ती भाडेकरू बाईने करावी असेही मी म्हणत नाही. ‘हे माझे काम नाही, तुमचे आहे’ असे ठासून सांगायलाही आधी ते काम कोणते हे माहीत असावे लागते. आणि घरात नवरा असेल, मुलगा असेल, तर दोघांनाही बसवा. मुलीला आधी.

दुसरा आक्षेप असा, की अशाने मोठे प्रश्न बाजूला पडतात. गॅसचे दर, घरांची टंचाई, व्हिसाच्या अटी ही खरी दुखणी. कोड शिकून काय होणार? मान्य आहे. कोड वाचल्याने गॅस स्वस्त होत नाही. पण आपली चळवळ अशाच लहान वस्तूंवरून मोठ्या प्रश्नांकडे गेलेली आहे. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मुंबईच्या बायका लाटणे आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा ती स्वयंपाकघरातलीच हत्यारे होती. मीटर, मापक आणि कोड यांची भाषा कळलेली बाई दरवाढीच्या सभेत नुसती टाळ्या वाजवायला बसत नाही. ती आकडे विचारते.

आणि हे काही नवे नाही. इंग्लंडमध्ये १९२४ साली कॅरोलाइन हॅस्लेट यांच्या पुढाकाराने बायकांची एक विद्युत-संघटना सुरू झाली. घरात नवी आलेली वीज बायकांनी समजून घ्यावी, यासाठी तिने वर्ग घेतले, पुस्तके काढली. १९८६ पर्यंत ती चालली. तिच्या मर्यादा होत्या. वीज विकणाऱ्यांनाही ती सोयीची होती आणि तिच्या सभांना खेडवळ, कष्टकरी बाई फारशी दिसत नसे. म्हणूनच मला त्याहून जवळचे वाटते ते उत्तर प्रदेशातल्या बांदा भागातले उदाहरण. महिला समाख्या कार्यक्रमातून तिथल्या दलित आणि कोल समाजातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायका १९९० च्या दशकात हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचे त्यांनी आणि पंप उघडायचा सरकारी मेकॅनिकने, ही वाटणी त्यांनी मोडली. ज्यांच्या स्पर्शाने विहीर बाटते असे गाव म्हणत होते, त्यांनाच पंप दुरुस्तीसाठी बोलावण्याची वेळ गावावर आली. पाना हातात आल्यावर त्यांना अक्षरेही हवीशी वाटू लागली.

तर आता काय करायचे

माझी सूचना साधी आहे. कायद्याच्या शिबिराच्या दिवशी जेवणानंतरचा एक तास राखून ठेवा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका यंत्राचे पुस्तक किंवा फोटो आणावा. इथल्या गटांनी बॉयलर घ्यावा. तिकडच्या गटांनी गीझर, सिलिंडर, विजेचा मीटर, शेताचा पंप, जे असेल ते. चार प्रश्न विचारा. हे यंत्र स्वतःहून थांबते ते केव्हा? थांबल्यावर काय दाखवते? त्यातले मी काय तपासू शकते आणि कुठे हात लावायचा नाही? आणि पुढचे काम कायद्याने कोणाचे आहे? उत्तरे आपापल्या भाषेत एका कागदावर लिहा आणि तो यंत्राशेजारी चिकटवा. शक्य असेल तिथे गॅसचे काम करणाऱ्या बाईलाच बोलवा. त्या थोड्या आहेत, पण आहेत आणि त्यांनाही आपली गरज आहे.

आमच्या गटाने असा एक कागद केला आहे: गुजराती, पंजाबी, बंगाली, सोमाली आणि मराठीत. शेवटची ओळ सगळ्या भाषांत एकच आहे. ‘कोड लिहून ठेवा. तारीख घाला. मग फोन करा.’